वीस गुंठ्यांत होस्टेल आणि ऑफिसं: एकावर एक रचू नका, पुढे-मागे बसवा

प्रश्न थोडक्यात असा: जळगाव शहराच्या हद्दीत २० गुंठ्यांचा प्लॉट आहे, साधारण ३८ बाय ५३ मीटर. पश्चिमेला १८ मीटरचा डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता, पूर्वेला म्हणजे मागे ९ मीटरचा. तळमजल्यावर दुकानं, त्यावर दोन मजले ऑफिसं आणि त्यावर २०० मुलांचं होस्टेल असा नकाशा हातात आला आहे. एकच जिना-लिफ्टचा गाभा, मधून पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, पुढे पूर्ण काच. हे बरोबर आहे का, आणि नसेल तर कसं करावं?

तुमच्या नकाशात मोठी चूक एकच आहे, बाकीच्या तिच्यातूनच आल्या आहेत. ऑफिस आणि होस्टेल या दोन वेगळ्या इमारती आहेत. त्यांचे खांब वेगळ्या अंतरावर लागतात, पाण्याच्या वेळा वेगळ्या, माणसांची ये-जा वेगळी. तुमच्या प्लॉटला दोन रस्ते असताना त्या एकावर एक चढवण्याचं काहीच कारण नाही. ऑफिस पश्चिमेच्या मोठ्या रस्त्याला, होस्टेल मागच्या रस्त्याला, मध्ये पूर्ण जॉइंट, म्हणजे दोन्ही इमारती सुट्या ठेवणारी फट.

आधी एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते बघू, कारण "मागे-पुढे केलं तर क्षेत्र वाया जाईल" ही पहिली शंका येणार. २० गुंठे म्हणजे २,०२३ चौ.मी. राज्याच्या एकत्रीकृत नियमावलीप्रमाणे (डिसेंबर २०२० पासून लागू असलेली यूडीसीपीआर) महानगरपालिका क्षेत्रात मूळ एफएसआय १.१, म्हणजे २,२२५ चौ.मी. १५ ते २४ मीटरच्या रस्त्यावर प्रीमियम भरून आणखी ०.५ मिळतो, म्हणजे १,०११ चौ.मी. टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीवरून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, त्याशिवाय. शिवाय जिने, पॅसेज, बाल्कन्या सगळं एफएसआयमध्ये मोजलं जात असल्यानं त्यावर पूरक एफएसआय, म्हणजे अ‍ॅन्सिलरी मिळतो: निवासी वापराला ६० टक्क्यांपर्यंत, अनिवासीला ८० टक्क्यांपर्यंत, अर्थात प्रीमियम भरून.

आता चारही बाजूंना ६ मीटर मोकळे सोडा. कोष्टकात अंतर कमी चालत असेल तरी अग्निशामक गाडी फिरायला एवढं हवंच. उरतो २६ बाय ४१ मीटरचा चौकोन. पुढचे १४ मीटर ऑफिसला: २६ गुणिले १४ म्हणजे ३६४ चौ.मी. एक मजला, तळ अधिक तीन मजले धरले तर १,४५६. मागच्या २७ मीटरमध्ये होस्टेल: उत्तर कडेला एक पट्टी, दक्षिण कडेला एक पट्टी, प्रत्येकी ७.२ मीटर रुंद, आणि मध्ये ११.६ मीटरचा चौक. चौकाची दोन्ही टोकं जिने आणि टॉयलेटच्या ब्लॉकनं जोडलेली, पूर्वेचा ब्लॉक ८ मीटरचा, पश्चिमेचा ७ मीटरचा. मजल्याचं क्षेत्र साधारण ५६३ चौ.मी. खालचा मजला पार्किंग आणि मेसचा, वर पाच मजले खोल्यांचे: सुमारे २,८१५ चौ.मी.

उलटं मोजू, म्हणजे यातला पूरक भाग काढून मूळ हिशेबात किती लागतो ते बघू. ऑफिसचे १,४५६ भागिले १.८ म्हणजे ८०९. होस्टेलचे २,८१५ भागिले १.६ म्हणजे १,७५९. बेरीज २,५६८. मूळ २,२२५ वजा केल्यावर प्रीमियम एफएसआय फक्त ३४३ चौ.मी. लागतो. टीडीआरला हातही लावायची गरज नाही. खाजगी होस्टेलला अ‍ॅन्सिलरी निवासी दरानं धरणार की अनिवासी, हे नगररचना विभागाकडून आधी लेखी घ्या. हा एक शब्द बदलला की चलनाचा आकडा बदलतो.

आणि खाटा किती? एका पट्टीत ३.६ मीटरच्या सात खोल्या, दोन पट्ट्यांत चौदा, पाच मजल्यांत सत्तर. तिघांची खोली धरली तर २१०. एका खाटेमागे सगळं धरून साधारण साडेतेरा चौ.मी. बसतात. हा आकडा लक्षात ठेवा. कोणी १० चौ.मी.त खाट बसवून दाखवली तर कपडे वाळवायची जागा, वॉर्डनची खोली किंवा दुसरा जिना यांपैकी काहीतरी गायब झालेलं असतं.

एकावर एक रचलं की काय होतं

ऑफिसला मोकळी जागा लागते, खांब ८-९ मीटरवर असले की भाडेकरू खूश. होस्टेलची खोली ३.६ मीटरची. दोन्ही एका रांगेत बसवायचे तर वरचे खांब खालच्या बीमवर उभे करावे लागतात. मग एक मीटर खोल ट्रान्सफर बीम येतात, ऑफिसची उंची खाल्ली जाते, लोखंड वाढतं, आणि भूकंपाच्या हिशेबात खालचा मजला वरच्यापेक्षा लवचिक राहतो, जो नेमका नको असतो.

दुसरं पाणी. होस्टेलच्या टॉयलेटचे पाइप ऑफिसच्या छतातून खाली येणार. एक नहाणी ट्रॅप सैल झाला की खाली कोणाच्या तरी संगणकावर पाणी. होस्टेलची टॉयलेट घरापेक्षा कितीतरी जास्त वेळा वापरात येतात. गळती होणार हे धरूनच चाला. ती कुठे पडणार एवढंच आपल्या हातात असतं. पुढे-मागे मांडणीत टॉयलेटखाली टॉयलेट आणि सगळ्यांत खाली पार्किंग, त्यामुळे थेंब पडला तर मोटारसायकलवर पडतो.

याच कारणासाठी टॉयलेटचा स्लॅब खाली दाबून त्यात वीटतुकड्यांचा भराव करू नका. भरावात झिरपलेलं पाणी महिनोन्‌महिने साठून राहतं आणि ओल भलतीकडेच दिसते. स्लॅब फक्त ५०-७५ मिमी खाली घ्या, पाइप खालच्या टॉयलेटच्या छतात लटकवा, खाली काढता येणाऱ्या पाट्यांचं छत. प्लंबरला वर फरशी फोडायची वेळ येत नाही.

प्लॉट लहान असता, एकच रस्ता असता, तर एकावर एक रचणं भाग पडलं असतं. तेव्हा मधला एक मजला, निदान सव्वादोन मीटर उंचीचा, फक्त पाइप आडवे फिरवण्यासाठी सोडावा लागतो आणि जिने तरीही वेगळेच. तुम्हाला त्याची गरज नाही.

जॉइंट नीट करा

चार मजल्यांची ऑफिस इमारत आणि सहा मजल्यांचं होस्टेल वेगवेगळ्या तालात हलतात. मधली फट आरसीसी फ्रेमसाठी मजल्यामागे साधारण २० मिमी धरायची पद्धत आहे. चार मजल्यांना ८०, तेव्हा १०० मिमी ठेवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून हिशेब करून घ्या. साइटवर ही फट नेहमी बिघडते, कारण सेंट्रिंगवाला मध्ये थर्माकोल कोंबतो, त्यावर काँक्रीटचा लगदा जातो, आणि दोन इमारती एकमेकींना चिकटतात. प्रत्येक स्लॅबनंतर फटीत टॉर्च मारून आरपार दिसतं का ते बघा.

गच्चीवर फटीच्या दोन्ही बाजूंना २०० मिमी उंच कठडे, त्यावर एका बाजूलाच घट्ट केलेला आणि दुसऱ्या बाजूला मोकळा सरकणारा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. दोन्हीकडे स्क्रू मारले की पहिल्याच उन्हाळ्यात तो फाटतो. फटीलगतच्या दोन्ही भिंती २३० मिमी विटेच्या, एकही भोक नाही, आणि प्रत्येक मजल्याच्या पातळीला आग थोपवणारी मिनरल वूल. हीच तुमची अग्निरोधक भिंत.

ऑफिस १४ मीटर खोल आहे आणि उजेड मुख्यतः पश्चिमेकडून येतो. मागचे पाच-सहा मीटर अंधारेच राहणार, तेव्हा लिफ्ट, टॉयलेट, सर्व्हर आणि स्टोअर तिथे मागच्या भिंतीला टेकवा. जिने दोन, उत्तर आणि दक्षिण कोपऱ्यात, दोन्हींना बाहेरची खिडकी.

जमीन

तापी-गिरणेच्या पट्ट्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. माती तपासायला प्लॉटवर किमान तीन बोअर घ्या, दोन टोकांना आणि एक मध्ये, मुरूम किंवा खडक लागेपर्यंत. अहवालात 'फ्री स्वेल इंडेक्स', म्हणजे माती पाण्यात किती फुगते त्याचा आकडा, मागा. तो ५० टक्क्यांच्या वर असेल तर माती बेभरवशाची. मुरूम दोन-तीन मीटरवर असेल तर पाया तिथपर्यंत नेणं स्वस्त. जास्त खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगीर केलेले खोल खांब) किंवा राफ्ट (इमारतीखाली एकसंध स्लॅब), हा निर्णय भू-तंत्रज्ञाचा.

पाया लोक नीट करतात, फसतात ते तळमजल्याच्या फरशीत. काळ्या मातीवर थेट सोलिंग-कोबा (दगडांचा थर आणि वर काँक्रीट) केला की दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात दुकानाची फरशी मधून फुगते आणि शटर अडकतं. दुकानं आणि मेसखाली काळी माती निदान एक मीटर काढून मुरूम २०० मिमीच्या थरांनी, पाणी मारून, रोलरनं दाबा. किंवा सरळ बीमवर टाकलेला स्लॅब करा. भिंतीलगत दीड मीटरची बाहेर उतार असलेली काँक्रीटची पट्टी हवी. तिथे लॉन लावून रोज पाणी मारलं तर वर्षभर जमीन एका बाजूनं ओली, दुसऱ्या बाजूनं कोरडी, आणि जोत्यावर तिरकी भेग ठरलेली. ड्रेनेजचे पाइप इमारतीखालून नेऊ नका. नेलेच तर बाहेर पडताना लवचिक जोड द्या.

बेसमेंट टाळा. काळ्या मातीत भिंतींवर दाब जास्त, पाणी झिरपणारच, पंप बंद पडला की डबकं.

ऊन

मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जाणाऱ्या गावात पश्चिमेला पूर्ण काच म्हणजे वीजबिलाला आमंत्रण. काच भिंतीच्या २५-३० टक्क्यांवर नेऊ नका, बाहेरून उभ्या पट्ट्या द्या. पश्चिमेचं ऊन खालून येतं, त्याला आडवा छज्जा उपयोगाचा नाही. दुकानांना २.५ मीटरचा ओटा-छप्पर द्या. दुपारी चारला गिऱ्हाईक उन्हात उभं राहून काउंटरशी बोलत नाही.

होस्टेलला ही मांडणी फायद्याची ठरते. पुढची ऑफिस इमारत खालच्या तीन-चार मजल्यांना पश्चिमेच्या उन्हापासून झाकते आणि खोल्यांची तोंडं दक्षिण-उत्तरेला येतात. दक्षिणेच्या खिडकीवर ६० सेंमीचा छज्जा मार्च-सप्टेंबरच्या दुपारी साधारण दीड मीटर खिडकी सावलीत ठेवतो, मेमध्ये पूर्ण. थंडीत मात्र दुपारचा सूर्य ४५ अंशांवर असतो, तेव्हा ऊन आत येतं, आणि डिसेंबरच्या सकाळी पोरांना ते हवंच असतं. उत्तरेची बाजू निर्धास्त समजू नका. जळगाव २१ अंश अक्षांशावर. मेच्या चौथ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि जूनभर किंचित उत्तरेला असतो, सकाळ-संध्याकाळ ऊन उत्तर भिंतीवर तिरकं पडतं. खिडकीच्या दोन्ही बाजूंना ३० सेंमीच्या उभ्या पट्ट्या पुरतात.

सगळ्यांत वरच्या मजल्याचा छताचा प्रश्न खानदेशात जुना आहे. धाब्याच्या घरांवर मातीचा जाड थर उगाच घालत नव्हते. तुमच्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, त्यावर ५० मिमी इन्सुलेशन, त्यावर कोबा आणि पांढरा चायना मोझॅक. सोलर पॅनेल उंच सांगाड्यावर लावले तर सावलीही मिळते.

आता कूलर. नकाशात तो कोणीच काढत नाही आणि राहायला आल्यावर पहिल्या एप्रिलमध्ये प्रत्येक खिडकीला लटकतो: तारेनं बांधलेला, खाली विटा, पाणी भिंतीवरून ओघळतंय, गिलावा फुगलाय. सत्तर खोल्या म्हणजे असे सत्तर. म्हणून तो आधीच काढा. बाहेरच्या खिडकीखाली ७५ बाय ६० सेंमीचा आरसीसी कट्टा, बाहेर उतार, १५ मिमीचा पाण्याचा नळ, ३२ मिमीचा निचरा उभ्या पाइपला जोडलेला, आणि पाणी उडणार नाही अशा जागी सॉकेट. खोली ३.६ बाय ५.४ बाय २.९५, म्हणजे ५७ घनमीटर. तासाला २५-३० वेळा हवा बदलायची तर १,५०० ते १,७०० घनमीटर हवा लागते. एवढी हवा आत आली की बाहेरही जायला हवी. त्यासाठी पॅसेजच्या बाजूला दारावर निदान ०.३ चौ.मी. उघडा झरोका ठेवा. तो नसेल तर कूलर चालू असूनही खोली दमट, गाद्या ओलसर, आणि मुलं दार उघडं टाकून झोपतात, मग चोऱ्या. पॅसेज चौकाकडे उघडा असल्यामुळे ही हवा निघून जाते. तुमच्या नकाशातल्या दोन्हीकडे खोल्या असलेल्या बंद पॅसेजमध्ये ती कोंडली असती. जून लागला, हवा दमट झाली की कूलर निकामी. तेव्हा पंखा आणि समोरासमोरची खिडकी एवढंच कामाला येतं.

पाणी

होस्टेलला माणशी १३५ लिटर, ऑफिसला ४५. २१० मुलांचे २८,३५०; ऑफिसचे १० चौ.मी.ला एक माणूस धरून १४६ जणांचे ६,५७०. एकूण ३५ हजार लिटर रोज. आपल्याकडे नळ रोज येत नाही, तेव्हा तीन दिवसांचा साठा: एक लाख पाच हजार लिटर, आगीसाठीचा वेगळा. संप, म्हणजे जमिनीखालची टाकी, दोन कप्प्यांचा करा, म्हणजे एक धुताना दुसरा चालू राहतो.

सकाळी सहा ते आठ हा खरा कसोटीचा वेळ. माणशी ५० लिटर धरले तरी दोन तासांत साडेदहा हजार. वरच्या टाक्या १५ ते २० हजारांच्या हव्यात. काळ्या प्लास्टिकच्या टाक्या उघड्यावर ठेवल्या तर मेमध्ये दुपारी नळाला चहा करता येईल असं पाणी येतं. टाक्यांना छप्पर द्या, टाकीतून निघणारे पाइप झाका. सोलर हीटरसाठी माणशी २०-२५ लिटर, म्हणजे ५ हजार लिटरच्या आसपास. बोअरचं पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार साचून दोन हिवाळ्यांत हीटर बंद पडतो. पाणी तपासून घ्या, जड निघालं तर हीट एक्स्चेंजरवाली रचना किंवा हीट पंप.

पावसाचं: छप्पर ९०० चौ.मी., वर्षाला ७०० मिमीच्या आसपास पाऊस, ८५ टक्के हाती लागला तरी पाच लाख लिटरच्या वर. हे बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडा. काळ्या मातीत नुसता खड्डा पाणी शोषत नाही, तो खालच्या मुरमापर्यंत न्यावा लागतो.

टॉयलेट: मुलांना आठजणांमागे एक, मुलींना सहाजणींमागे एक हा किमान हिशेब. मजल्यावर ४२ जण, म्हणजे सहा किंवा सात. दोन्ही टोकांच्या ब्लॉकमध्ये चार संडास, चार बाथरूम अशी आठ-आठ ठेवा. अटॅच्ड बाथरूमची मागणी येईल, विशेषतः मुलींच्या पालकांकडून. पण सत्तर अटॅच्ड म्हणजे सत्तर गळण्याच्या जागा. फारच आग्रह असला तर एका मजल्यावर दोन खोल्यांत एक असा प्रयोग करा. कपडे वाळवायला ब्लॉकलगत जाळीची गॅलरी द्या, नाहीतर चौकभर दोऱ्या दिसतील. आणि इमारत एक तर मुलांची किंवा मुलींची ठरवा. चौकातून समोरच्या खोल्या दिसतात, अर्धी-अर्धी वाटणी इथे चालत नाही.

खालचा मजला

उत्तर पट्टीखाली पार्किंग. पट्टी ७.२ मीटर खोल. उत्तरेला सोडलेल्या ६ मीटरच्या मोकळ्या पट्ट्यातून गाड्या काटकोनात आत, त्यांना ५ मीटर, मागे उरतात २.२ मीटर, त्यात चौकाच्या बाजूनं दुचाकींची एक रांग नेमकी बसते. खांब ७.२ मीटरवर, म्हणजे वर बरोबर दोन खोल्या. तीन गाड्या बसवायला आठ मीटर लागले असते. त्यासाठी खोली चार मीटरची करणं महाग पडतं. चौकात आणखी चाळीसेक दुचाकी. ऑफिसच्या तळमजल्यावर दुकानं ८ मीटर खोल ठेवा, मागच्या ६ मीटरमध्ये त्यांची पार्किंग. कोष्टकाप्रमाणे किती लागतात ते आर्किटेक्ट काढेलच. चारचाकी कमी पडत असतील तर पार्किंगची उंची आत्ताच ४ मीटर ठेवा, म्हणजे यांत्रिक दुमजली स्टॅक बसवता येईल. प्रत्यक्षात इथे भांडणं होतात ती दुचाकींवरून. दहा मुलांमागे चार-पाच गाड्या धरून चाला.

दक्षिण पट्टीखाली मेस. ८० जणांची बैठक, तीन पाळ्यांत २१० जेवतात, ११० चौ.मी. बैठकीला, ५० स्वयंपाकघराला, बाकी कोठार. धुराडं थेट गच्चीच्या वर न्या, चौकात सोडू नका. भाकऱ्यांचा तवा दोन-तीन तास चालू असतो आणि हिवाळ्यात भरीताची वांगी भाजायची म्हटली की पाचही मजल्यांना कळतं. वांगी भाजायला बाहेर पत्र्याखाली एक कोपरा द्याच. गॅसच्या टाक्या बाहेर, जाळीत. सांडपाण्याला चेंबरच्या आधी तेलाचा ट्रॅप.

वीज

ऑफिसला चौ.मी.ला ८० वॅट धरून ११५ किलोवॅट, होस्टेलला कूलरसकट ५५-६०, लिफ्ट-पंप ३०. बेरीज दोनशे. पण ऑफिसचा जोर अकरा ते पाच, होस्टेलचा संध्याकाळी सातनंतर. एकाच वेळी १४० च्या वर क्वचित जाईल. एक ट्रान्सफॉर्मर दोघांना पुरतो, आणि एकाच प्लॉटवर दोन्ही असण्याचा हा रोख फायदा. मीटर मात्र वेगळे. दर कुठला लागणार, घरगुती की व्यावसायिक, हे महावितरणकडून आधी विचारा. खोलीला एकच १० अँपिअरचा एमसीबी, १६ अँपिअरचं सॉकेट देऊच नका; इंडक्शन शेगडी लपवून आणतातच. जनरेटर पुढच्या कोपऱ्यात, खोल्यांपासून लांब.

आग, आणि ऑफिसमध्ये शिरणारे क्लास

होस्टेलला दोन जिने, प्रत्येकी दीड मीटर रुंद, दोन्ही टोकांना. कुठल्याही खोलीपासून जिना ३० मीटरच्या आत. प्रत्येक खोलीच्या ग्रिलला आतून उघडणारी एक झडप. गच्चीचं दार कुलूपबंद ठेवायची सवय मोडा, अलार्म लावा. अग्निशमन यंत्रणेचं प्रमाणपत्र दर जानेवारी-जुलैला द्यावं लागतं, परवानाधारक एजन्सीशी करार ठेवा. इमारत २४ मीटरच्या खाली आणि दुकानं ५०० चौ.मी.च्या आत ठेवली तर 'विशेष इमारती'च्या जादा अटी टळतात. तुमची उंची १९-२० मीटर येते, दुकानं २०८ चौ.मी.

कागदावर ऑफिस म्हणून बांधलेला मजला आपल्या भागात हमखास क्लासला जातो: नीट, जेईई, एमपीएससी. ३६४ चौ.मी.चं ऑफिस ३६ माणसांचं असतं. बाकं दाटून लावली की तिथेच २०० मुलं. जिना, टॉयलेट, लिफ्ट, पार्किंग सगळं ३६ च्या हिशेबाचं. सुरतमध्ये २४ मे २०१९ ला तक्षशिला इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या क्लासला आग लागून २२ जीव गेले. खाली उतरायची वाट बंद झाली होती. दिल्लीत जुलै २०२४ मध्ये बेसमेंटमधल्या अभ्यासिकेत पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले. तेव्हा भाडेकरारात वापर लिहा, आणि क्लास-अभ्यासिका येणार हे धरून फक्त पहिला मजला तसा बांधा: दोन्ही जिने दीड मीटरचे, टॉयलेट दुप्पट, मंजुरीही त्याच वापराची. अभ्यासिकेला बैठकीमागे पावणेदोन ते दोन चौ.मी. म्हणजे अर्ध्या मजल्यावर शंभर जागा. होस्टेलची मुलंही येतील, गावातलीही. दुसरा आणि तिसरा मजला क्लासला देऊ नका, भाडं कितीही चांगलं मिळत असलं तरी.

टप्पे आणि कागदपत्रं

जॉइंट असल्यामुळे दोन इमारती वेगवेगळ्या वेळी बांधता येतात. होस्टेल आधी बांधा, त्याचं अंशतः भोगवटा प्रमाणपत्र एप्रिल-मेपर्यंत हातात हवं. प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळ्यात होतात. ऑगस्ट हुकला की मुलं दुसरीकडे वर्षभराचं डिपॉझिट भरून बसलेली असतात. भाड्याचा हिशेब दहा महिन्यांचाच करा. मे रिकामा जातो, त्यात रंग आणि प्लंबिंग.

ऑफिसं विकणार असाल आणि गाळे आठपेक्षा जास्त झाले तर, जागा ५०० चौ.मी.च्या वर असल्यानं, महारेरा नोंदणी लागेल आणि मग संप, ट्रान्सफॉर्मर, रस्ता यांच्या वाटण्या डिक्लेरेशनमध्ये (मालकीच्या दस्तात) लिहाव्या लागतील. भाड्यानं ठेवलीत तर हे टळतं; या प्लॉटवर भाडंच बरं, कारण मालक एक असला की पाण्यावरून वाद होत नाही. होस्टेलचं भाडं माणशी महिना २० हजारांपर्यंत आणि मुक्काम सलग ९० दिवसांचा असेल तर जुलै २०२४ पासून जीएसटी माफ आहे. ऑफिसच्या भाड्याला १८ टक्के लागतो. दोन्हींचे हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा, बांधकामाच्या बिलांसकट.

आर्किटेक्टकडे परत जाताना नवा नकाशा मागण्याआधी एक छेद, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखं चित्र, मागा: पश्चिम रस्त्यापासून पूर्व रस्त्यापर्यंत, १:१०० मध्ये, त्यात जॉइंट, मुरमाची पातळी, टॉयलेटचे पाइप आणि कूलरचा कट्टा दाखवलेला. तो छेद जुळला की प्लॅन दोन दिवसांत निघतो.